कोशातली प्रश्नचिन्हं

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी राहत आणि त्यांना एक शिष्य होता, अच्युत. आता शिष्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर समिधा गोळा करणारा कोवळा कुमार येईल, तर तसं मुळीच नाही. अच्युत चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला गृहस्थ होता. दुपारपर्यंत गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आणि दुपारनंतर तिथेच मागच्या खोलीत गुरुजींचा मदतनीस.

गुरुजींनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं. बुरूड, कासार, लोहार, कोष्टी अशा हातकाम करणाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी दारोदार हिंडून गोळा केले. सुपाची वीण असो की भात्याची नळी, त्या माणसांनी तिला दिलेलं नाव, त्याचा अर्थ, आणि खाली ते कोणी सांगितलं याची नोंद, सगळं चिठ्ठ्यांवर. चिठ्ठ्यांना वाळवी लागली तेव्हा अच्युतने अकरा वर्षं खपून सगळं संगणकावर उतरवलं. कोशाचा पहिला खंड छापून निघाला. उरलेले आठ हजार शब्द मात्र त्या एका संगणकातच होते, कारण एव्हाना चिठ्ठ्यांचा भुगा झाला होता.

पुढे तो संगणक थकला. त्यावरची विंडोज जुनी, आणि नवी आवृत्ती त्या यंत्राला झेपेना. अच्युतने ठरवलं, आता विंडोजच्या जागी लिनक्स. फुकट, हलकी, कोणाची मेहेरबानी नको. निर्णय अगदी योग्य होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. नाहीतर ही गोष्ट ऐकून उद्या कोणीतरी लिनक्सच्या नावाने बोटं मोडत बसेल.

गुरुजींनी एवढंच विचारलं, "कोशाच्या फायली तिकडे वाचता येतात का, पाहिलंस?"

"सगळ्या बाहेरच्या डिस्कवर घेतल्यात, गुरुजी. दोनदा मोजल्या."

"मोजल्यास, ते कळलं. वाचून पाहिल्यास का?"

"अहो, विंडोजच्या फायली लिनक्सवर उघडतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे!"

अच्युतने संगणकाची पूर्ण डिस्क पुसून लिनक्स बसवली, फायली परत आणल्या आणि वाचनालयाची अलीकडची पत्रं, सभेची इतिवृत्तं, फोटो, सगळं उघडून पाहिलं. झकास उघडलं. स्वारी खूश झाली. मग त्याने कोशाची एक फाईल उघडली. पडद्यावर एक मराठी अक्षर नव्हतं. रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं यांचा नुसता काला झाला होता.

झालं होतं असं. अच्युतने टंकलेखन सुरू केलं त्या काळी मराठीचे फाँट वेगळ्याच रीतीने चालत. तुम्ही 'क' दाबा, यंत्र पोटात भलतंच चिन्ह साठवी आणि फाँट त्यावर 'क'चा मुखवटा चढवी. मुखवटे पुसलेल्या डिस्कबरोबर गेले होते, पण चिन्हं जागेवर होती. इथवर काहीही बिघडलं नव्हतं बरं का! ती चिन्हं ओळखून आजच्या मराठीत आणणारी साधनं मिळतात. एका फाईलची नक्कल काढायची, तिच्यावर प्रयोग करायचा, वाचून पाहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. आठवडाभराचं काम होतं.

पण गुरुजी संध्याकाळी यायचे होते, आणि त्यांच्यासमोर खाली पाहायचं अच्युतच्या जिवावर आलं होतं. त्याने इंटरनेटवर शोधून कोणा अनोळखी माणसाने सुचवलेली, संगणकाला द्यायची एका ओळीची आज्ञा उचलली आणि एकदम सगळ्या फायलींवर सोडली. मूळ फायलींवरच! त्या आज्ञेला साधी रोमन अक्षरं तेवढी कळत होती. न कळलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तिने इमानेइतबारे एकेक प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. शिवाय अच्युतने हौसेने अशी व्यवस्था लावली होती की संगणकात बदल झाला की बाहेरच्या डिस्कवरही आपोआप तोच व्हावा. तोही झाला. मग योग्य साधन सापडलं, मराठी दिसू लागली, पण भोकं पडलेली. पाच हजार नोंदी कशाबशा लागत होत्या. तीन हजारांत अर्थ जेमतेम कळे आणि शब्दाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उभी असत.

त्याने हे गुरुजींना सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं, "शुद्धलेखन तपासतोय." आणि दोन महिने दार लावून तो ती भोकं बुजवत बसला. अर्थ वाचायचा आणि शोभेलसा शब्द घालायचा. सुपाच्या काठाला शेवटची वीण आवळतात, तिला काय म्हणत असतील? काठबंध. भात्याची नळी जमिनीत पुरतात, त्या जागेला? वायुमुख. विद्वान माणूस, त्याला काय तोटा? पुढे पुढे त्याला स्वतःलाच वाटू लागलं की हे शब्द आपण टंकले होते, आपल्याला आठवताहेत.

गुरुजींनी दुसऱ्या खंडाची कच्ची मुद्रितं हातात घेतली आणि तिसऱ्याच पानावर त्यांचं बोट थांबलं.

"काठबंध हा शब्द कोणी दिला?"

"नोंदीत आहे ना, गुरुजी. हौसाबाई बुरूड."

"हौसाबाईच्या ओसरीवर मी चार दिवस बसलो होतो. काठबंध म्हणायला तिची जीभ वळली नसती रे." गुरुजींचा आवाज चढला नाही. "किती घातलेस असे?"

अच्युतच्या तोंडून एकदम सगळं बाहेर आलं, आज्ञा, डिस्क, दोन महिने, सगळं. तो लहान मुलासारखा रडला.

आता गुरुजींनी काय करावं? त्यांनी लाल पेन घेतलं आणि अच्युतला शेजारी बसवून, तो सांगेल तो त्याचा प्रत्येक शब्द खोडला. वर पुन्हा प्रश्नचिन्हं काढली. या कामाला सतरा दिवस लागले. नंतर तो भोकांचा कोश त्यांनी तसाच छापून घेतला, चांगल्या कापडात बांधला आणि वाचनालयात भर दाराशी मेजावर ठेवला. संपादक म्हणून दोघांची नावं. लोक येत, चाळत आणि हसत. एकाने तर विचारलं, "काय हो, हे कोडी सोडवायचं पुस्तक का?"

अच्युतला ते सोसेना. तो म्हणाला, "गुरुजी, मला काय ती शिक्षा करा. हाकलून द्या. पण चारचौघांत ही शोभा कशाला? तुमच्याही नावाला बट्टा लागतोय."

गुरुजी म्हणाले, "शिक्षा नव्हे रे ही. यंत्रातली विंडोज बदललीस याचा मला राग नाही. बदलायलाच हवं होतं. आज्ञा चुकली, तेही मी गिळलं; घाईत माणसाच्या हातून होतं. पण तोवर निदान कुठे काय हरवलं एवढं तरी दिसत होतं. ती खूणसुद्धा तू बुजवायला निघालास. उद्या कोणी पोरगी हे काम पुढे नेईल. प्रश्नचिन्ह पाहील तर कुठल्यातरी म्हातारीच्या दारात जाऊन विचारील. काठबंध पाहील तर कशाला जाईल? हौसाबाई सहा वर्षांपूर्वी एकदा मेली. तिच्या तोंडी तुझा शब्द घालून तू तिला दुसऱ्यांदा मारत होतास. मला फार लागलं ते, अच्युत. अजून लागतंय."

त्यानंतर अच्युत दर रविवारी सायकल काढून गावोगाव हिंडू लागला. बहुतेक घरांत सांगणारी माणसं गेली होती आणि मुलं प्लॅस्टिकच्या टोपल्या विकत होती. वर्षभरात एकोणीस शब्द परत मिळाले. तीन हजारांत एकोणीस.

एका दुपारी गुरुजी तो कोश मांडीवर घेऊन बसले होते. एका नोंदीवर त्यांची नजर खिळली. तांब्याचं पातेलं ठोकताना कासार मधूनच ऐरणीवर एक रिकामा ठोका मारतो, त्या ठोक्याचं नाव. नाव प्रश्नचिन्हांत गेलेलं, आणि खाली सांगणाऱ्याच्या जागी गुरुजींच्या वडिलांचं नाव. गुरुजी कासाराच्याच घरचे होते. लहानपणी रोज कानावर पडलेला शब्द तो. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, गुडघ्यावर बोटांनी ठोकून पाहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, तेव्हा ते भरले होते.

"मला आठवत नाही रे," ते म्हणाले. "तू टंकला होतास ना? काय होता? काहीतरी सांग."

अच्युतच्या जिभेवर एक शब्द आला होता. चांगला होता, शोभण्यासारखा होता, आणि म्हाताऱ्याला त्या क्षणी तो खराही वाटला असता.

"मला माहीत नाही, गुरुजी," अच्युत म्हणाला.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पान उलटलं.