खांडीत बसलेली सेगुलाबाई

फार वर्षांपूर्वी, केतखारच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हा तिथे एक तेलीण राहत असे. तिचं नाव सेगुलाबाई. तिचं घराणं बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं. ती माणसं शनिवार हा विसाव्याचा पवित्र दिवस मानत आणि त्या दिवशी घाणा फिरवत नसत, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत.

लहानपणी तिनं बापाला विचारलं होतं, "बाबा, आपला देव कुठला? आपली पोथी कुठंय?"

बाप म्हणाला, "बाये, आपले वाडवडील गलबतातून आले. गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या. हाती राहिलं ते दोनच. शनवार, आन् शेमाची प्रार्थना. येवढं सांभाळ. हे गेलं तर आपण कोण, ते आपल्यालाच सांगता येणार न्हाय."

सेगुलानं ते सांभाळलं. शुक्रवारी दिवेलागणीला ती दिवा लावी, बैल सोडी आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काडीला हात लावत नसे. लोक चिडवायचे, "बैलाची चैन आहे बुवा!" तीही हसायची.

बाकीचे सहा दिवस मात्र ती गावाची असे. बाळंतिणीला तेल चोळायला सेगुलाबाई, मोडलेला हात बसवायला सेगुलाबाई. पटकीच्या साथीत घरचीच माणसं मेलेल्याला शिवायला भ्यायली, तेव्हा प्रेतांना आंघोळ घातली तीही सेगुलाबाईनंच. तिला बोलावणं लागत नसे आणि देऊ केलेलं ती घेत नसे. असं म्हणतात, तिच्या हयातीत गावात शनिवारी एकही मूल जन्मलं नाही. पोरंसुद्धा पोटात रविवारची वाट बघत बसायची. खरं-खोटं तो खाडीचा देव जाणे, पण आमच्याकडे अजून शपथेवर सांगतात.

आता केतखार म्हणजे काय, तर बांधाच्या जिवावर जगणारं गाव. बांधाच्या अलीकडे भातशेती आणि घरं, पलीकडे समुद्र. बांध फुटून खांड पडली की घरटी एका माणसानं टोपली घेऊन धावायचं, हा गावाचा नियम. ज्या घरातून माणूस येणार नाही, त्या घरानं गाव सोडायचं. यात दयामाया नव्हती, कारण समुद्रालाही ती नव्हती. आजवरच्या प्रत्येक खांडीवर सेगुलाबाई सगळ्यांच्या आधी पोचली होती.

आणि एका वर्षी भर उधाणात खांड पडली, ती नेमकी शनिवारी सकाळी.

गावचा धाकू पाटील स्वतः तिच्या दारात आला. "बाये, टोपली घे नि चल."

"पाटील, आज शनवार."

"समुद्राला कुठला गो शनवार? नियम तुला ठाव हाय. तुला गाव सोडाया सांगायची पाळी माज्यावर आणू नको." हे सांगताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, कारण त्याची तिन्ही मुलं तिच्याच हातावर जन्मलेली.

पाटील गेला. सेगुलाबाई उंबऱ्यावर बसून रडली. टोपली उचलली तर बापानं दिलेलं जात होतं. नाही उचलली तर गाव जात होतं. या दोन्हींपलीकडे तिच्याजवळ तिसरं काही नव्हतंच. मग तिनं डोळे पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि ती निघाली.

बांधावर आकांत चालला होता. चिखलाची टोपली टाकावी आणि पाण्यानं ती गिळावी. तेवढ्यात सेगुलाबाई आली, तीही रिकाम्या हातानं.

"आली बघा, मजा बघायला!" बायजा कोळीण ओरडली.

 सेगुलाबाई सरळ खांडीत उतरली आणि समुद्राकडे पाठ करून मांडी घालून बसली.

"अगो, काय करतेस?" पाटील किंचाळला.

"काय न्हाय," ती म्हणाली. "आज काय करायचंच नसतं. मी बसलेय."

लाट आली आणि तिच्या पाठीवर आपटली. तिनं डोळे मिटले आणि शेमा म्हटला. आता तुम्ही म्हणाल, एका बाईच्या पाठीनं समुद्र अडतो का? नाही अडत. पण बायजेनं टोपली फेकली आणि ती तिच्या शेजारी जाऊन बसली. मग पाटलीण बसली. मग म्हाताऱ्या बसल्या, ज्यांना टोपली उचलवत नव्हती त्याही. खांदा खांद्याला भिडला. पाठींची भिंत झाली आणि तिच्या आडोशाला पुरुषांनी टाकलेला चिखल पहिल्यांदाच टिकला. असं म्हणतात, समुद्रानं तीन लाटा मारल्या, चौथी उगारली आणि एवढ्या सगळ्या बायकांना बघून लाजून मागे नेली.

ओहोटी लागली. बायका उठल्या आणि कामाला लागल्या, सेगुलाबाई मात्र बसूनच राहिली. शेवटी आभाळात चांदण्या दिसल्या. तेव्हा ती उठली, लुगडं पिळलं आणि म्हणाली, "बघता काय? टोपली द्या इकडं." बांधावरची शेवटची टोपली तिनं टाकली.

पाटील तिच्या पाया पडायला वाकला. ती म्हणाली, "उठा, गुडघे दुखतील. मग मलाच तेल चोळावं लागंल."

पुढे ती म्हातारी होऊन गेली. तिची नातवंडं मुंबईला गेली, तिथून आपल्या लोकांच्या देशात गेली. आज केतखारात शनवारतेल्यांचं एकही घर नाही.

पण दरवर्षी मोठ्या उधाणाच्या शनिवारी सगळं गाव बांधावर येऊन बसतं. त्या दिवशी जाळं नाही, नांगर नाही, चूलसुद्धा नाही. नुसतं समुद्राकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून बसायचं. आणि जिथे खांड पडली होती, तिथे त्या त्या वर्षी गावात सगळ्यात नवा आलेला माणूस बसतो. कधी ती नवी सून असते, कधी बदलून आलेला मास्तर, तर कधी वीटभट्टीवर आलेला परमुलखातला मजूर. त्याला आपली भाषा येत नसली तरी चालतं. दोन्हीकडची माणसं सरकून त्याला चिकटून बसतात.

चांदण्या दिसल्या की सगळे उठतात, आणि बांधावर टाकायच्या चिखलाची पहिली टोपली त्याच्या हातात देतात.