रुसलेला रानकोंबडा

फार फार पूर्वी, जेव्हा माणसं रानात शिरताना रानाला नमस्कार करत आणि पक्षीही अधूनमधून माणसाशी दोन शब्द बोलत, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दोन शिकारी भाऊ राहत होते. थोरल्याचं नाव हैबती, धाकट्याचं निंबा. आईबाप लवकर गेले, पण हैबतीची बायको सगुणा हिनं दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता निंबा चांगला लग्नाचा झाला होता.

दोघा भावांत मिळून एकच जाळं होतं. लांबच लांब, बापानं हातानं विणलेलं. एकानं झुडपं बडवत सावज हाकायचं, दुसऱ्यानं जाळ्याची दोरी धरून दबून बसायचं. ससा म्हणा, तित्तिर म्हणा, घरात कधी कमी पडलं नाही.

हैबती मनानं मोकळा होता, पण जिभेनं सैल. एकदा निंबाला बघायला मुलीकडची माणसं आली. पंगत बसली आणि हैबतीला रंग चढला.

"आमचा निंबा मोठा शूर बरं का!" तो म्हणाला. "परवा झुडपातून साळिंदर निघालं, तर जाळं तिथंच टाकून हा पठ्ठ्या झाडावर!"

पाहुणे खो खो हसले. हैबती तर सगळ्यांपेक्षा जास्त हसला. निंबा मात्र भरल्या ताटावरून उठला.

त्यानं आपली घोंगडी खांद्यावर टाकली आणि ओढ्यापलीकडे, गावापासून लांब, कुडाची एक झोपडी उभी केली. वर निरोप धाडला, "जाळ्यातला माझा अर्धा वाटा मला हवा. पाटलांनी येऊन कापून द्यावा."

"कापू दे की!" हैबती गरजला. "मला काय त्याच्यावाचून शिकार करता येत नाही?"

"अहो, जाळं कापलं म्हणजे त्याची दोन जाळी होत नाहीत," सगुणा म्हणाली. "दोन चिंध्या होतात. जा, भावजींना हाक मारून आणा."

"मी थोरला. मी का जाऊ? त्याला पाय नाहीत?"

"त्यांना पाय आहेत. तुम्हाला तोंड नाही का? पंगतीत तर चांगलं चाललं होतं."

तरी हैबती काही गेला नाही.

दिवस जात राहिले. एकट्याला काही जाळं लावता येईना. सावज हाकायला जावं तर दोरी धरायला कोणी नाही, आणि दोरी धरून बसावं तर सावज आपल्या पायानं थोडंच येतं? घरात भाकरी आणि मीठ, मीठ आणि भाकरी. शेवटी जाळं कापायचा दिवस उद्यावर येऊन ठेपला. हैबतीनं मनाशी म्हटलं, 'उद्या पाटील येणार. त्यांच्यापुढं रिकामी चूल नको. रानकोंबड्यांच्या झाडाकडे जाऊन बघू.'

रानकोंबडे दिवसभर जमिनीवर चरतात, पण झोपतात झाडावर, आणि बहुतेक रोज त्याच झाडावर. झाडाखाली शीट पडलेली दिसली, दोन-चार पिसं दिसली, की शिकाऱ्यानं समजावं, घर सापडलं. हैबतीला असा एक ऐनाचा वृक्ष ठाऊक होता. लांब बांबूला टोकाशी फास बांधून तो उन्हं कलताना तिथं पोचला आणि करवंदीच्या जाळीमागे दडून बसला.

सूर्य टेकला तसे रानकोंबडे एकेक करून झाडाखाली जमले. सगळ्यांत आधी एका म्हाताऱ्या कोंबडीनं मान वाकडी करून वर पाहिलं. फांदी बघितली, वारा बघितला आणि फडफडफड करत ती वर गेली. आधी खालच्या फांदीवर, मग मधल्या, मग वरच्या. तिच्यामागून बाकीच्यांनी झेप घेतली.

आणि मग जे भांडण सुरू झालं, काही विचारू नका! हा त्याला ढकलतो, ती हिला चोच मारते. "ही माझी जागा!" "तुझी काल होती!" "शेपटी काढ माझ्या डोळ्यांतून!" बाजारातही एवढा गलका होत नसेल. पण उजेड ओसरू लागला तशी भांडणंही ओसरली. प्रत्येकानं पाय दुमडले, नखं फांदीला घट्ट बसली आणि अंगाला अंग लावून सगळी ओळीनं गपगार झाली.

हैबतीनं मान हलवली. त्या ओळीला फास लावणं सोपं नाही, हे त्याला माहीत होतं. एकाच्या पंखाला धक्का लागला की सगळी फांदी जागी होते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत रिकामी होते. आता काय करावं, म्हणून तो इकडेतिकडे पाहू लागला, तर थोड्या अंतरावर पळसाच्या एका ठेंगण्या झाडावर एक तरुण कोंबडा एकटाच बसलेला दिसला. सगळ्यांकडे पाठ करून, मान आखडून.

हैबती मनात हसला. बापानं शिकवलेलं त्याला आठवलं, 'कळपातला पक्षी देवाचा, एकटा पक्षी शिकाऱ्याचा.' तो दबक्या पावलांनी गेला, बांबू वर केला आणि अलगद कोंबड्याच्या पायात फास अडकवला. ना कोणी ओरडलं, ना कोणी सावध केलं. कोंबडा खाली आला तो थेट हैबतीच्या हातात.

"अरे बापरे!" कोंबडा म्हणाला. "तू कधी आलास?"

"केव्हाचाच आलोय," हैबती म्हणाला. "एवढं मोठं झाड सोडून तू इथं एकटा काय करत होतास?"

"मी रुसलो होतो."

"कोणावर?"

"थोरल्यावर. त्यानं मला चोच मारली."

"फार लागलं?"

कोंबडा जरा घुटमळला. "लागलं असं नाही. पण सगळ्यांसमोर मारली."

हैबतीला हसू फुटलं. "वेडा आहेस झालं! एका चोचीपायी जीव घालवून बसलास. मुकाट्यानं परत जाऊन बसायचं होतं."

"जाणारच होतो," कोंबडा म्हणाला. "पण वाटलं, त्यानं एकदा तरी हाक मारावी. मी वाट बघत होतो. तेवढ्यात तू आलास."

हैबतीचं हसू ओठांवरच विरलं. ओढ्यापलीकडची कुडाची झोपडी त्याच्या डोळ्यांसमोर आली. तिथं ना शेजार, ना कुत्रं. रात्री जनावर आलं तर ओरडून कोण सावध करणार? आणि निंबाही असाच पाठ करून, मान आखडून, कोणाच्या तरी हाकेची वाट बघत बसला असेल का?

तो खाली वाकला. कोंबड्याच्या पायातला फास सोडवला.

"जा," तो म्हणाला. "हाक कोणी मारो न मारो, तू जा."

कोंबडा तीरासारखा उडाला आणि ऐनाच्या फांदीवर आदळला. सगळी ओळ हलली. म्हाताऱ्या कोंबडीनं त्याच्या डोक्यावर एक टोला हाणला. "आलास? मग पंख आवर नीट. झोपू दे आम्हाला." इकडून एक सरकला, तिकडून एक सरकली आणि कोंबडा मधे मावला.

हैबती तसाच ओढा ओलांडून गेला. दिवेलागण झाली होती. झोपडीच्या दारात निंबा चूल फुंकत होता. धुरानं डोळे लाल झाले होते, की आणखी कशानं, ते त्याचं त्याला ठाऊक.

"जाळं उद्या कापायचंय, आज नाही," निंबा खालमानेनं म्हणाला.

हैबती सरळ आत शिरला आणि घोंगडीवर आडवा झाला.

"दादा, हे काय? तुझं घर तिकडे आहे."

"तिकडे जागा फार झाली रे," हैबती म्हणाला. "झोप येत नाही."

निंबानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाला, "ते साळिंदर नव्हतं. ती अस्वलीण होती. पिल्लांबरोबर."

"मला माहीत आहे. मीही शेजारच्या झाडावर होतो की!" हैबती उठून बसला. "पंगतीत मी ते सांगितलं नाही. चुकलो, निंबा. चार माणसांत तुला खाली बघायला लावलं. आता चार माणसांतच खरं सांगेन."

निंबाच्या ओठांवर हसू आलं. ते त्यानं दाबलं, पण दबलं नाही. "आधी माझ्या घोंगडीवरून ऊठ," तो म्हणाला. "वहिनी जेवायची थांबली असेल."

सकाळी पाटील धारदार कोयता घेऊन दारात हजर झाले. सगुणा अंगण सारवत होती.

"कापायचं जाळं कुठंय?" त्यांनी विचारलं.

"जाळं पहाटेच रानात गेलं," सगुणा म्हणाली. "दोन टोकांना दोघं धरून. तुम्ही बसा पाटील, पाणी आणते."

दोघं भाऊ पुढं कधी भांडले नाहीत असं कोणी समजू नये. भांडले, जन्मभर भांडले. निंबा रुसायचा, हैबतीची जीभ घसरायची, सगुणा दोघांनाही बोलायची. पण दिवा लागायच्या वेळी त्या घरातलं एकही माणूस उंबऱ्याबाहेर राहिलं नाही. आणि मुलीकडच्या माणसांपुढं हैबतीनं स्वतःच्या फजितीची गोष्ट अशी रंगवून सांगितली, की होकार द्यायला त्यांना दुसरं काही विचारावंच लागलं नाही.

तात्पर्य: रुसावं, भांडावं, पण अंधार पडायच्या आत आपल्या माणसांच्या फांदीवर परतावं.