उघडा पत्रा

समुद्राकाठच्या गावातला एक शिष्य एकदा आपली जुनी मोटार घेऊन गुरूंच्या अंगणात आला. शिष्याचे नाव निनाद. वय पन्नाशीकडे झुकलेले, पण रविवारी अप्पांकडे उपनिषद वाचायला बसला की तो शिष्यच. मोटार त्याच्या दिवंगत वडिलांची होती आणि खाऱ्या हवेने तिच्या दाराची खालची कड गंजून फुगली होती. “वरून रंग मारून भागेल का, अप्पा?” त्याने विचारले.

“खरवड,” अप्पा म्हणाले.

निनाद तारेचा ब्रश घेऊन बसला. हात चालू लागला तसे तोंडही चालू लागले. माहेरी आलेल्या थोरल्या बहिणीला त्याने आदल्या दिवशी स्पष्ट सुनावले होते. वडील अंथरुणाला खिळले असताना ती पाहुण्यासारखी आली आणि पाहुण्यासारखी गेली, हे इतकी वर्षे मनात साचलेले एकदाचे बोलून टाकले होते. ती रडली आणि दोन दिवसांनी संध्याकाळच्या गाडीने परत जाते म्हणाली.

“पुन्हा येईल असं वाटत नाही,” निनाद म्हणाला. “पण खोटं एक अक्षर बोललो नाही. फार हलकं वाटतंय मला.”

आपल्याला हलके वाटले म्हणजे सत्याचा विजय झाला, असे मानणारी माणसे पुष्कळ असतात. निनाद त्यांतलाच.

दुपार कलली तेव्हा पोपडे निघून स्वच्छ, चकचकीत पत्रा दिसू लागला. निनादने गंज रोखणाऱ्या प्रायमरच्या डब्याकडे हात नेला. अप्पांनी तो डबा उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावले.

“उद्या ये,” ते म्हणाले. “मोटार राहू दे इथेच.”

निनादला हे विचित्र वाटले, पण गुरूंपुढे बोलणार काय?

सकाळी येऊन पाहतो तर चकचकीत पत्र्यावर तांबूस थर चढलेला. जिथे आदल्या दिवशी गंजाचा मागमूस नव्हता, तिथेसुद्धा! निनाद उखडलाच. “सगळी मेहनत मातीत गेली! तुम्हाला ठाऊक होतं ना, अप्पा? मग डबा का काढून घेतलात?”

“ठाऊक होतं,” अप्पा शांतपणे म्हणाले. “नुसतं सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस. गंज झाकला नाहीस, खरवडलास, हे योग्यच. पण खरवडलेला पत्रा फार हळवा असतो. त्याच्यावर त्याच दिवशी प्रायमरचा हात फिरवावा लागतो. ताईला बोललास, त्यानंतर तिच्याजवळ बसलास का?”

“नाही. मला बोलायचं होतं ते बोललो.”

“आणि तिला काही बोलायचं होतं का, ते विचारलंस?”

निनादने तारेचा ब्रश उचलला. परवापासून ताई खोलीबाहेर फारशी आलीच नव्हती, हे त्याला आत्ता जाणवले. “आधी हा थर काढतो आणि मग...” तो पुटपुटला.

“पॉलिशपेपर फिरवला की निघेल तो. मी बघतो त्याचं. तू घरी जा.”

ताई साड्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत होती. निनाद दारात घुटमळला. बोललेले मागे घ्यावे असे त्याला वाटत नव्हते, आणि तसे खोटे बोलणे त्याला जमलेही नसते.

“ताई,” तो म्हणाला, “तेव्हा का थांबली नाहीस गं?”

तिने हातातली साडी खाली ठेवली.

“बाबांनीच जा म्हटलं,” ती म्हणाली. “‘लेकीच्या हातून अंग पुसून घेताना मेल्याहून मेल्यासारखं होतं,’ म्हणाले. आणि तुला सांगू नकोस म्हणाले. मी एस.टी.त बसून सासरच्या गावापर्यंत रडत गेले रे.”

तिने बॅग बाजूला सारून त्याला बसायला जागा केली. निनाद बसला. खरे बोलल्याचा त्याला फार अभिमान होता, आणि खरे काय ते तो आज पहिल्यांदा ऐकत होता.