बसून राहिलेला डोंगर

डोंगर पायी हिंडायचे, तेव्हाची ही गोष्ट. एक डोंगर मात्र जागचा हलत नसे. एवढ्या मोठ्याच्या पायाशी कोण येतंय मरायला, म्हणून हरिणीने तिथेच पाडस वाढवलं.

लांडगा आलाच. त्याने पाडसाची मान धरली.

"काका, उठा! नुसता पाय आपटा!" हरिणी ओरडली.

डोंगर उठला नाही. लांडगा पाडस घेऊन गेला.

"एवढं धूड, आणि बूड उचलवेना? थू तुमच्या ताकदीवर!"

"थुंक, पोरी. मागे अशीच एकीने हाक मारली, तेव्हा पाय आपटला होता. लांडगा मेला."

"आणि ती?"

"तीही. तिचं पाडसही. त्यांच्यावरच बसलोय."

हरिणीने तिथली माती हुंगली. तिला पटलं. पण त्याला काका ती पुन्हा कधीच म्हणाली नाही.