बाळराजांचे कडक लंगोट

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्याचे नाव आता तिथल्या डोंगरांनाही आठवत नसेल.

त्या राज्यात सगळ्या कपड्यांना खळ घालत. पागोट्यांना, लुगड्यांना, उशांच्या अभ्र्यांना, इतकेच काय, भाकऱ्या झाकायच्या फडक्यालाही. तांदळाच्या पेजेची घट्ट खळ. कपडा जितका कडक तितका माणूस मोठा, अशी तिथली समजूत. का, असे कोणी विचारत नसे. विचारले तर थोर मंडळी म्हणत, "पहिल्यापासून असंच आहे," आणि त्यांना वाटे की उत्तर दिले.

त्या राज्याच्या तरुण राणीला मुलगा झाला. गुटगुटीत, गालांना खळ्या. पण महिना होतो न होतो तोच त्याच्या कुल्ल्यांवर लाल पुरळ उठले. ते काही केल्या जाईना. बाळ रडायचे, राणी त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालायची, आणि महालातली वडीलधारी माणसे गालिच्यावर बसून सल्ले द्यायची.

"राणीनं दही खाल्लं असणार," आत्याबाई म्हणाल्या. राणीने दही सोडले.

"चिंच बाधली," काकीसाहेब म्हणाल्या. राणीने चिंच सोडली. मग वांगे गेले, मग गूळ गेला. शेवटी ताटात मऊ भात आणि मुगाचे वरण एवढेच उरले. पुरळ होते तसेच.

राजवैद्यांनी लेप दिला. तो लागू पडेना, म्हणून त्यावर दुसरा दिला. मग तिसरा. बाळ वरून पिवळे, मधून हिरवे आणि त्याखाली लालच.

राजा? तो आईसमोर मान वर करत नसे. त्याच्याबद्दल एवढेच पुरे.

एके दिवशी राजमातेने निकाल दिला. "सूनबाई, पौर्णिमेला बाळराजांना प्रजेपुढे आणायचं आहे. तोवर अंग साफ झालं नाही, तर बाळ माझ्या महालात वाढेल. तुझ्या हातून होत नाही, हे दिसतंच आहे."

पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते.

त्याच सुमारास महालाची परटीण तापाने आजारी पडली आणि दोन दिवस धुणे आले नाही. राणीने आपले जुने, विटके लुगडे फाडले आणि बाळाला त्याचे लंगोट बांधले. दुसऱ्या दिवशी पाहते तो काय, पुरळ फिकटले होते! तिसऱ्या दिवशी नेहमीचे धुणे आले, आणि संध्याकाळपर्यंत बाळ पुन्हा लालेलाल.

आता राणीने नीट निरखून पाहिले. जिथे कापड घासते तिथे लाल. जांघेच्या घड्यांत, जिथे कापड पोचत नाही, तिथे मात्र कातडी लोण्यासारखी. तिने एक लंगोट उचलून जमिनीवर ठेवला. तो उभा राहिला.

राणी तडक नदीवर परटिणीकडे गेली. "मावशी, बाळाच्या लंगोटांना काय घालता?"

"दुप्पट खळ, बाईसाहेब. राजाचं लेकरू ना! आईसाहेबांचा हुकूम आहे."

"आणि बाळानं ओलं केलं की?"

परटीण हसली. "चिकट होणार. वाळलं की खरखरीत. माझ्या नातवंडांना नाही बाई घालत मी असलं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलंय?"

राणी परतली ती थेट गालिच्यासमोर उभी राहिली आणि सगळे सांगून मोकळी झाली.

"खुळी आहेस," राजमाता म्हणाली. "याच कडक लंगोटात तीन राजे वाढले."

"आणि तिघंही रात्रंदिवस रडायचे, असं तुम्हीच सांगता, आईसाहेब."

काकीसाहेबांना हसू आले. त्यांनी ते खोकल्यात लपवले.

"असं करू या," राणी म्हणाली. "बाळाचा एकेक लंगोट ओला करून तुम्ही सगळ्यांनी गळ्याला बांधा. उद्या सकाळपासून दुपारपर्यंत. काही झालं नाही, तर बाळ उद्याच घेऊन जा."

"आण इकडे!" राजमाता कडाडली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर सगळे गळ्याला फडकी बांधून बसले. थोड्याच वेळात राजवैद्य मान वाकडी करू लागले. आत्याबाईंनी पदराआडून खाजवले. काकीसाहेब तर, "अगं बाई, चावतंय की!" म्हणून फडके भिरकावून पळाल्या. मागोमाग वैद्य उठले, मग आत्याबाई. राजमाता तेवढी हलली नाही. ऊन डोक्यावर आले तेव्हाच तिने गाठ सोडली आणि आरशात पाहिले. गळ्याभोवती लाल कडे उमटले होते. तिने त्यावर बोट ठेवले आणि तिचा हात झटकन मागे आला.

तिने ते फडके खाली ठेवले. मग हळूच म्हणाली, "अर्ध्या दिवसात माझी ही गत. आणि हे पोर इतके दिवस सांगत होतं गं. आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही."

"मग आता या खळीतून सोडा त्याला," राणी म्हणाली, पण तिचाही आवाज मऊ झाला होता.

लेपांची भांडी बाहेर गेली. लंगोट साध्या पाण्यात खळखळून उन्हात वाळू लागले. ओले झाले की लगेच बदलायचे, कोमट पाण्याने धुवायचे, टिपून कोरडे करायचे, वर खोबरेल तेलाचा हलका हात. आणि रोज सकाळी बाळराजे जुन्या लुगड्यावर उघडेच लोळायचे, वाऱ्याला पाय मारत.

पुरळ दिवसागणिक ओसरले. पौर्णिमा आली तेव्हा बाळाचे अंग धुतलेल्या जांबाच्या फळासारखे तुकतुकीत होते.

प्रजेपुढे राजमातेने नातवाला उंच धरले, आणि बाळराजांनी भर दरबारात तिच्या ठेवणीतल्या लुगड्यावर मनसोक्त धार सोडली. सारा दरबार श्वास रोखून उभा. राजमाता आधी दचकली आणि मग इतकी हसली की तिला बसावे लागले.

"घे गं तुझं बाळ," ती सुनेला म्हणाली. "आणि आज पोटभर दही खा."

बाळ आईच्याच महालात वाढले. त्या दिवसापासून राज्यातल्या एकाही बाळाच्या कपड्याला खळ लागली नाही, आणि परटिणीला गालिच्यावर बसून सल्ला देण्याचा मान मिळाला.

तात्पर्य : रीत कितीही जुनी असो, ती ज्याच्या अंगाला बोचते त्याचे रडणे आधी ऐकावे.