पहिल्या पानावरचं नाव

“अजून कुठे काही उरलंय का, गुरुजी?”

लो जिंगवेनने तिसऱ्यांदा विचारलं.

ही चीनमधल्या एका नदीकाठच्या गावातली गोष्ट. त्या उन्हाळ्यात दंडाला लाल पट्टी बांधलेली माणसं धर्माची खूण शोधत घरोघर पुस्तकं तपासत फिरत होती. लो नावाजलेला कादंबरीकार. त्याला लिहायला शिकवलं ते म्हाताऱ्या शेन मूयुआन यांनी. हमालालाही कळेल अशा बोलीत बायबल आणण्यात शेन गुरुजींची उमेदीची वर्षं गेली होती. आपली सोपी, वाहती वाक्यं कुठून आली, हे लोला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं.

म्हणून तर, संशय आपल्याऐवजी गुरुजींवर जावा यासाठी, दोन महिन्यांपूर्वी त्याने वर्तमानपत्रात गुरुजींविरुद्ध लेख लिहिला होता. खाली सही केली नव्हती. गुरुजींचं शिकवणं बंद झालं, पुस्तकांचं कपाट रिकामं झालं.

आता चौकशी लोच्याच दारात येऊन ठेपली होती. नव्या कादंबरीचं हस्तलिखित घेऊन तो धावत इथेच, गुरुजींच्या माडीवर आला. त्यात बायबलचा वास कुठे कुठे येतो, हे दुसरं कोण सांगणार?

गुरुजी पानं उलटत होते. क्रूस, घंटा, प्रार्थना... सगळं लोने आधीच खोडलं होतं.

एका पानावर त्यांचं बोट थांबलं. होडी चालवणारी एक म्हातारी, आपल्या लेकाचा खून करणाऱ्या माणसाला पुरातून पैलतीरी सोडते.

“हे.”

यात देव कुठे आहे, असं लो म्हणाला. ती बाई तर कधी चर्चची पायरीही चढलेली नाही.

“तरीही...”

लोने लेखणी ओळीवर टेकवली. हे पान गेलं की कादंबरीत काही राहत नव्हतं. लेखणी पुढे सरकेना.

खाली गल्लीत बूट वाजले. मग फाटकाची कडी.

लोला उठताही येईना.

गुरुजींनी त्याच्या नावाचं पहिलं पान काढून चुलीत सारलं. कोरा कागद घेतला, कादंबरीचं शीर्षक लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं नाव. दोघांच्या अक्षराचं वळण एकच होतं.

मग दंडाला धरून त्यांनी लोला मागच्या दारापाशी आणलं. पुढच्या जिन्यावर पावलं चढू लागली होती.

“गुरुजी... तो लेख माझा होता.”

“वाचला तेव्हाच कळलं.”

“मग हे कशासाठी?”

गुरुजींनी दार उघडलं.

“मागच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. कठड्याला धरून उतर.”