तोंडदेखली चाकरी

नगरच्या नथानिएल पारख्यांनी आपल्या बेकरीत मोठी पाटी लावली होती: ‘तोंडदेखली चाकरी करू नका.’ बायबलातल्या पौलाचा हा उपदेश कामावरच्या बायका पाळतात की नाही, हे बघायला ते दिवसभर समोर खुर्ची टाकून बसत. दुपारचा डबासुद्धा त्यांची बायको सगुणाबाई तिथंच आणून देई.

एके दिवशी त्या डबा घेऊन आल्या, तर खारी भरणारी रूथ डोळे पुसत उभी. मालकांची पाठ फिरताच तिचे हात थांबले, म्हणून ऐन नाताळाच्या तोंडावर तिला कामावरून काढलं होतं.

“शास्त्रापुढं माझा इलाज नाही,” पारखे म्हणाले.

सगुणाबाईंना शंका विचारायची भारी हौस. त्यांनी मान वर करून पाटी वाचली.

“अहो, यातलं तोंड कुणाचं?”

“धन्याचं. म्हणजे माझं.”

“मग बाकीच्या राबतात त्या मनापासून, की तुमचं तोंड बघून, हे तुम्हांला कसं कळतं?”

पारखे विचारात पडले. आता सगळ्याच बायकांचे हात थांबले होते, पण त्यांना रागवायचं सुचलं नाही.

“नाही कळत,” ते शेवटी म्हणाले.

“म्हणजे सगळ्यांना पापात पाडतंय ते तुमचं तोंडच! रूथला कशाला काढता? ते काढा इथून.”

“आणि नेऊ कुठं?” पारखे चिडले.

“घरी,” डबा परत पिशवीत घालत सगुणाबाई म्हणाल्या. “तिथं तुमची तोंडदेखली चाकरीसुद्धा आम्ही गोड मानून घेऊ.”